तालुक्याचा क्लास की घरचा मोबाईल: कोडिंग कुठून सुरू करावं?

बारावीचा निकाल लागला की आमच्या दारव्ह्याकडं कोणी ना कोणी विचारतंच, "दादा, कोडिंग शिकाचं आहे, क्लास कोणता लावू?" यंदा विचारणारी घरचीच निघाली, बहिणीची पोरगी. तिच्यासाठी जो हिशेब मांडला तोच इथं देतो.

आधी एक घोळ मिटवू. एमएस-सीआयटी झालं म्हणजे कॉम्प्युटर आला, असं गावात धरून चालतात. तो कोर्स संगणक वापरायला शिकवतो आणि सरकारी अर्जाला कामी येतो. प्रोग्रामिंग, म्हणजेच कोडिंग, ही वेगळी गोष्ट आहे.

मी स्वतः क्लास लावला होता, सी भाषेचा. सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे आणि आम्ही वहीत उतरवायचो. तीन पोरांत एक मशीन, त्यात लाईन गेली की तेवढ्यापुरतं सगळं पाण्यात. सहा महिन्यांनी फॉर लूपची (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी आज्ञा) व्याख्या तोंडपाठ होती, पण कोरी फाईल समोर आली की हात चालत नव्हता. तरीही क्लास वाईटच, असं मी म्हणणार नाही. अडलं की शेजारी माणूस असतो, ही गोष्ट कुठलाच व्हिडिओ देत नाही. म्हणून फी विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा: एका मशीनवर किती जण बसतात, आणि तास संपल्यावर सरावाला बसू देता का? दुसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर एसटीचे पैसे वाचवा.

भाचीकडं लॅपटॉप नाही. तिच्या अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड 3 हे ॲप टाकून दिलं. एकदा उतरवून घेतलं की त्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बिननेटची चालते. पायथनमध्ये ओळीआधी सोडलेल्या जागेलाही अर्थ असतो, त्यामुळं बोटभर कीबोर्डवर जीव जातो, हे खरं. पण पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं काहीतरी चाललं. तिला म्हटलं, सोयाबीनची पट्टी काढ: क्विंटल विचार, 4000 च्या भावानं गुण, हमाली वजा कर. पोरीनं 12 क्विंटल टाकले तर स्क्रीनभर 12121212 सुरू! "मामा, हे पाय काय होऊन राह्यलं!"

झालं होतं एवढंच, की इनपुट या आज्ञेनं विचारून आलेलं 12 पायथनच्या लेखी आकडा नसतो, ती अक्षरं असतात. अक्षरांना 4000 नं गुणलं की तीच अक्षरं 4000 वेळा छापली जातात. इंट ही आज्ञा लावून त्यांचा आकडा करून घ्यावा लागतो. अशी चूक कोण समजावून देतं, या नजरेनं मी सगळे पर्याय तपासले.

मराठीत शिकायचं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, फुकट. एकेक व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचा, थांबवत थांबवत सोबत टाइप करायचा. सी आणि सी++ च्या मालिकेत मला आवडलेली गोष्ट ही, की ते मुद्दाम अर्धविराम गाळून दाखवतात आणि येणारी एरर मराठीत समजावतात. पायथनच्या जुन्या मालिकेत मात्र जपून. तिथं प्रिंट या छापायच्या आज्ञेपुढं कंस नसतो, कारण ते पायथन 2, म्हणजे जुनी आवृत्ती आहे. त्याचा सांभाळ 1 जानेवारी 2020 ला बंद झाला. आजच्या फोनवर ती ओळ चालत नाही आणि नवख्याला वाटतं आपलंच चुकलं.

यूट्यूबवरचे हिंदी कोर्स समजायला सोपे. पण शिकवणारा भराभर बरोबर कोड लिहीत जातो आणि आपण मान डोलवत बघत राहतो. आमची 1212 वाली चूक तिथं भेटतच नाही, ती आपल्या घरी येऊन भेटते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स सीएस50पी इथं सरस ठरतो. पहिल्याच व्याख्यानात ते साधी बेरीज करायला घेतात आणि एक अधिक दोनचं उत्तर 12 येतं. आमचीच चूक, फक्त अमेरिकेतली. दहा व्याख्यानं, सगळी पायथनची, गृहपाठ पूर्ण केला तर त्यांचं प्रमाणपत्रही फुकट. अडचण दोन ठिकाणी आहे. इंग्रजी, आणि गृहपाठ ब्राउझरमध्येच करायचा असल्यानं सतत नेट. गच्चीवर गेल्यावर रेंज मिळणाऱ्या गावात ही गंमत नाही. त्यांचाच मोठा भाऊ सीएस50एक्स स्क्रॅचपासून (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची सोपी भाषा) सुरू होतो आणि लगेच सी मध्ये ढकलतो. लॅपटॉप नसेल तर तूर्तास सोडा.

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन' 12 आठवड्यांचा आहे, आयआयटी रोपडचा. नोंदणी जानेवारी आणि जुलैच्या सत्रात, शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं तर फी भरून केंद्रावर परीक्षा. दर आठवड्याच्या तारखेचा धाक लागल्याशिवाय ज्याचा अभ्यास होत नाही, त्याला हेच बरं. वेबसाईटच बनवायची असेल तर फ्रीकोडकॅम्प ही फुकट शिकवणारी साइट. आणि पुस्तकावर बसणाऱ्याला आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं सी भाषेवरचं 'लेट अस सी' आहेच. लाईन गेली तरी कंदिलात वाचता येतं, पण मशीनशिवाय ते वाचणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणं शिकणं.

भाचीचं ठरलं ते असं: दोन महिने फोनवर रोज एक छोटा प्रोग्राम, सोबत स्पोकन ट्युटोरियल, आणि रात्री रेंज असली की सीएस50पीचं अर्ध व्याख्यान, इंग्रजी सबटायटल लावून. तालुक्याचा क्लास नाही, पण तिथल्या एका सरांनी रविवारी मशीनवर बसू देतो म्हटलंय. लॅपटॉपचं कापूस निघाल्यावर पाहू, असं भाऊजी म्हणतात. सोयाबीनची पट्टी आता बरोबर येते, फक्त हमाली दोनदा कापली जाते. ते तिचं तिलाच शोधू दे म्हटलं.