बिनतारी सिरीयल: आरएफकॉम, बीएलई की वाय-फाय?

लिनक्स मशीनवरून एखाद्या मायक्रोकंट्रोलर बोर्डशी तारेविना सिरीयल बोलायचं, तर कमांड लाइनवरून तीन रस्ते आहेत: क्लासिक ब्लूटूथवरचं आरएफकॉम (सिरीयल पोर्टची नक्कल करणारा प्रोटोकॉल), ब्लूटूथ लो एनर्जी म्हणजे बीएलई, आणि वाय-फायवरून टीसीपी. बऱ्याचदा निवड आपण करायच्या आधीच समोरच्या चिपने केलेली असते. एचसी-०५ आणि एचसी-०६ ही ब्लूटूथ मॉड्यूलं फक्त क्लासिक बोलतात, एचएम-१० फक्त बीएलई. मूळ ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपला दोन्ही येतं. तिच्याच घराण्यातल्या एस३ आणि सी३ ला क्लासिक येत नाही. नाव सारखंच म्हणून सी३ घेतला आणि आर्डुइनोतला जुना ब्लूटूथ-सिरीयलचा कोड त्यावर चढवायला गेलात, तर तो कंपाइलच होणार नाही. आयफोनही जोडायचा असेल तर विचार करायचं कारण नाही, बीएलईच घ्या. असल्या साध्या क्लासिक मॉड्यूलशी आयफोनवरच्या ॲपला बोलता येत नाही.

आरएफकॉम: बाइंड की कनेक्ट

चिप क्लासिक असेल तर आरएफकॉमला पहिली पसंती. कारण एकच: डेव्ह फोल्डरमध्ये 'आरएफकॉम०' नावाची खरीखुरी डिव्हाइस फाइल मिळते, आणि पिकोकॉम, मिनिकॉम हे टर्मिनल प्रोग्राम आणि पायसिरीयल ही पायथन लायब्ररी या सगळ्यांना ती तारेचंच पोर्ट वाटते. जुना प्रोग्राम बदलावा लागत नाही.

आधी ब्लूटूथसीटीएल हे कमांड-लाइन साधन उघडून पॉवर ऑन, एजंट ऑन, स्कॅन ऑन. मॉड्यूलचा पत्ता दिसला की पेअर (एचसी-०५ चा पिन सहसा १२३४), मग ट्रस्ट. आणि तिथेच थांबा. पुढे त्याच प्रॉम्प्टवर कनेक्ट दिलं तर एरर येते किंवा जोडणी होऊन लगेच सुटते. लोक इथे तासन्‌तास अडकतात. मॉड्यूल बिघडलेलं नसतं. सिरीयल पोर्ट प्रोफाइल हाती घेणारं ब्लूझीकडे (लिनक्सच्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरकडे) आपणहून कोणी नसतं, एवढंच.

बाहेर येऊन सुडोने 'आरएफकॉम बाइंड ०', त्यापुढे पत्ता आणि शेवटी १. पहिला शून्य फाइलचा क्रमांक, शेवटचा १ चॅनेल. चॅनेल १ ते ३० मधला कुठलाही असू शकतो. एचसी-०५ चा १ असतो. बाइंडने नुसती फाइल बनते. रेडिओ जोडणी होते ती फाइल उघडल्यावर, आणि बंद केली की तुटते. 'आरएफकॉम कनेक्ट' मात्र तत्क्षणी जोडतो आणि कंट्रोल-सी दाबेपर्यंत टर्मिनल धरून बसतो. तपासणीसाठी कनेक्ट बरा, कारण चूक तिथल्या तिथे कळते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर चॅनेल चुकला, 'होस्ट इज डाउन' आलं तर मॉड्यूल बंद आहे, लांब आहे किंवा दुसऱ्याच कोणाशी जोडलेलं आहे. रोजच्या वापराला बाइंड.

बाइंड रीबूटनंतर राहत नाही. आरएफकॉम डॉट कॉन्फ भरायला सांगणारी जुनी टिपणं सोडून द्या. ब्लूझी ५ ती फाइल वाचत नाही. ब्लूटूथ सर्व्हिसनंतर चालणारं छोटं सिस्टिमडी युनिट लिहा. फाइल उघडताना परवानगी नाकारली गेली तर डेबियन घराण्यात स्वतःला डायलआउट गटात घाला.

सगळ्यात जास्त गोंधळ बॉड रेटचा, म्हणजे सिरीयलच्या वेगाचा. पिकोकॉमला ११५२०० सांगितलं म्हणून हवेतला वेग बदलत नाही. तो आकडा आरएफकॉमच्या लेखी शोभेचा. खरा बॉड मॉड्यूल आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यामधल्या दोन तारांवर असतो. एचसी-०५ वर तो मुळात ९६०० असतो. बदलायचा तर बटण दाबून धरत वीज द्या. एलईडी दोन-दोन सेकंदांनी संथ लुकलुकला की ३८४०० वर एटी कमांड (मॉड्यूलची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञा) चालतात, ओळीअखेर सीआर आणि एलएफ दोन्ही हवेत. त्याची आरएक्स पिन ३.३ व्होल्टची आहे. बोर्ड ५ व्होल्टचा असेल तर १ आणि २ किलोओहमचा व्होल्टेज विभाजक मध्ये घाला.

एक खोट आहे. २०१७ पासून ब्लूझीने आरएफकॉम हे साधन कालबाह्य ठरवलंय, काही डिस्ट्रोंत ते वेगळ्या पॅकेजात आहे. नव्या कामासाठी पायथन ३.३ पासून मिळणारं ब्लूटूथ सॉकेट जास्त टिकाऊ: पत्ता आणि चॅनेल द्या, रूट लागत नाही. पण मग डिव्हाइस फाइल नाही.

बीएलई

बॅटरीवर चालणारा सेन्सर अधूनमधून चार आकडे पाठवणार असेल तर हेच. सलग लॉग ओतायला घेऊ नका. मूळ एमटीयू (एका पाकिटाची कमाल मर्यादा) २३ बाइटचा, त्यातले ३ हेडरला जातात, उरतात २०. तुमची ४५ बाइटची ओळ तीन तुकड्यांत येते आणि जोडायचं काम तुमचं. नोटिफाय (समोरच्याने आपणहून डेटा कळवणं) चालू केलं नाही तर लिहिलेलं पोचतं पण उत्तर दिसत नाही. फाइलही आपोआप बनत नाही. बीएलई-सिरीयल नावाचं पायथन साधन तेवढ्यासाठी स्यूडो टर्मिनल (सिरीयल पोर्टसारखी वागणारी नकली फाइल) उभं करतं.

वाय-फाय

भिंतीपलीकडे जायचंय, किंवा सिरीयल उपकरण आधीच एखाद्या रास्पबेरी पायला लटकलेलं आहे? तिथे सेर२नेट (सिरीयल पोर्ट नेटवर्कवर उघडणारा प्रोग्राम) लावा आणि इकडे सोकॅट या जोडणीच्या साधनाने टीसीपी पोर्टला स्यूडो टर्मिनल जोडा; 'रॉ' आणि 'एको=०' विसरलात तर स्वतःचीच अक्षरं परत येतील. वाय-फाय वीज जास्त खातं, आणि बाइट ठरल्या अंतराने येतील याची खात्री नाही. मोडबस आरटीयूसारखा शांततेच्या अंतरावरून फ्रेम ओळखणारा प्रोटोकॉल इथे हमखास अडखळतो.

डीटीआर या सिरीयलच्या नियंत्रण रेषेच्या झटक्याने बोर्ड रीसेट करून दूरवरून कोड चढवायचा असेल, तर साधा टीसीपी कामाचा नाही, ती रेषा त्यातून जातच नाही. त्यासाठी सेर२नेटमध्ये १९९७ सालचा आरएफसी २२१७ (नियंत्रण रेषाही नेणारा प्रोटोकॉल) चालू करा. पायसिरीयलला तो थेट समजतो. एचसी-०५ च्या नेहमीच्या चार तारांत तर डीटीआर नसतेच, तिथे रीसेटचं बटण हातानेच दाबायचं.