अंडरलिव्हर एअर रायफल: गोव्यातील एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

लिव्हर-ॲक्शन कार्बाइन, म्हणजे खालचा लिव्हर ओढून काडतूस भरायची आखूड बंदूक, हाताळण्याची हौस अनेकांना असते; मात्र आपल्याकडे तिला शस्त्रपरवाना लागतो, आणि परवाना मिळाला तरी जुन्या बाजारात चांगल्या स्थितीतली कार्बाइन सहसा मिळत नाही. म्हणून मी देशी बनावटीची, नळीखालचा लिव्हर ओढून कॉक करायची (म्हणजे स्प्रिंग दाबून सज्ज करायची) ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घेतली. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा देणाऱ्या एअर रायफलला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तरी ऊर्जा १० ज्यूलच भरते. त्यामुळे ही रायफल मर्यादेच्या बरीच आत राहते. विक्रेत्याने ओळखपत्राची प्रत ठेवून घेतली. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) येणाऱ्या मोरांना हुसकावण्यासाठी कोणी ही घेणार असेल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आधी वाचावा; माझा वापर घराच्या मागील अंगणात, १० मीटरवरच्या कागदी लक्ष्यापुरता आणि मागे मातीने भरलेली पेटी ठेवूनच आहे. चिऱ्याच्या भिंतीवर छर्रा कसाही उसळतो, तेव्हा नुसत्या भिंतीवर विसंबू नये.

मधून मोडणाऱ्या नळीपेक्षा हा प्रकार निवडण्याचे कारण साधे आहे. यात नळी जागची हलत नाही, म्हणून नेम धरण्याच्या खुणा आणि नळी यांचा मेळ टिकतो. लिव्हर खाली ओढला की पिस्टन मागे सरकून स्प्रिंग दाबली जाते, छर्रा ठेवण्याचे तोंड उघडते आणि पिस्टन मागे अडकतो. छर्रा घालताना लिव्हर एका हाताने घट्ट धरून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण अटकाव सुटला तर पुढे झेपावणारा भाग बोट कापू शकतो. कंपनीचा सुरक्षा-खटका आहे म्हणून ही सवय सोडू नये.

नवी रायफल हाती आली तेव्हा लिव्हर ओढताना तेल न घातलेल्या रहाटासारखी कुरकुर होत असे, मधेच कुठेतरी अडखळल्याचे जाणवे, आणि छर्रा सुटल्यावर स्प्रिंग बराच वेळ झणझणत राही. कारणे आत होती. लिव्हरचा दुवा ज्या खाचेतून सरकतो तिच्या कडा यंत्रावर कापल्यानंतर घासल्याच नव्हत्या, आणि स्प्रिंगच्या आतला मार्गदर्शक दांडा इतका सैल होता की स्प्रिंग त्याच्यावर डुगडुगत असे.

रायफल खोलण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी: स्प्रिंग कॉक केलेली नसतानाही आत दाबलेलीच असते, आणि मागची पिन काढताच ती जोराने बाहेर येऊ शकते. सुताराचा लांब क्लॅम्प लावून, तोंड बाजूला ठेवून, ती हळूहळू सोडावी लागते; वॉरंटीवर तेव्हाच पाणी सोडलेले असते. खाचेच्या कडा मी तेलदगडाने आणि नंतर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या, कारण याच कडा पिस्टनचे वॉशर चिरतात. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरने नायलॉनचा नवा दांडा स्प्रिंगच्या आतल्या मापाला नेमका बसेल असा करून दिला. मोलिब्डेनमचे ग्रीस धातूवर धातू घासतो तेथेच, बोटाने पुसट थर लागेल इतकेच लावले. हात सैल सोडून ग्रीस भरले तर ते दाबकक्षात, म्हणजे पिस्टनपुढे हवा दाबली जाते त्या जागेत, शिरून पेटते, धूर येतो, आवाज मोठा होतो आणि वॉशर जळते.

या खटाटोपाचे फळ चांगले आहे. कुरकुर आणि अडखळणे पूर्ण गेले, झणझणाट अगदी थोडा उरला. लिव्हर ओढायला जोर मात्र पूर्वीइतकाच लागतो, कारण स्प्रिंग तीच आहे. ‘काम केल्यावर रायफल हलकी होते’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. छर्रेही आता एकमेकांच्या अधिक जवळ पडतात; अर्थात त्यात सैल हाताने धरण्याच्या सवयीचाही वाटा आहे. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की तिचा धक्का दर वेळी वेगळा बसतो.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तेथे फोमची पेटी ओलावा धरून ठेवते; माझ्या रायफलीवर गंजाचे पहिले ठिपके त्याच पेटीत आले. आता ती कपाटात उभी असते, हाताळल्यावर घाम पुसून तेलाचा हलका हात फिरवतो, परंतु ते तेल दाबकक्षाच्या तोंडाजवळ जाऊ देत नाही. लाकडी दस्ता किंचित फुगला आणि त्याचे स्क्रू सैल झाले; ते महिन्याकाठी आवळावे लागतात.

घोडा अजून जड आहे. त्याच्या अटकावाचा पृष्ठभाग घासून तो हलका करता येतो, असे सांगणारे भेटतात. पण तेथे केसभर अधिक घासले गेले तर कॉक केलेली रायफल नुसत्या धक्क्याने सुटू शकते, म्हणून मी त्या भागाला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.