अपघातानंतरची भीती: ईएमडीआर की एक्सपोजर थेरपी?

कसारा घाटात गाडी ठोकली गेली, प्लास्टर उतरलं, टाके सुकले. तरी ट्रकचा हॉर्न ऐकला की छाती धडधडते, रात्री तेच दिसतं. असं महिन्याभरापेक्षा जास्त चाललं तर तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, असू शकतो. नाशिकमध्ये थेरपिस्ट शोधू लागलात की दोन नावं कानावर येतील: ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचा उपचार, आणि एक्सपोजर थेरपी, म्हणजे भीतीला थोडंथोडं सामोरं जाण्याचा उपचार. दोन्ही उपचार संशोधनाच्या कसोटीला उतरलेले आहेत. त्यामुळे कोणता भारी हे विचारण्याऐवजी तुमच्या घरात आणि रोजच्या दिवसात कोणता जमेल ते पाहा.

ईएमडीआर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ नंतर विकसित केली. प्रसंगातलं सर्वांत त्रासदायक चित्र, त्याला चिकटलेला विचार (‘चूक माझीच होती’) आणि अंगातली जाणीव मनात धरायची आणि थेरपिस्टच्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे फिरवायची. थोड्या वेळाने थांबून आता काय जाणवतंय ते सांगायचं, पुन्हा सुरू करायचं. त्रास ० ते १० मध्ये मोजत जातात. हे संमोहन नाही, तुम्ही पूर्ण जागे असता. उपचाराचे ८ टप्पे आहेत आणि आधीचे टप्पे माहिती घेण्याचे नि मन सावरायला शिकवण्याचे असतात. पहिल्याच भेटीत कुणी थेट बोटं हलवायला लागलं तर तिथे थांबू नका.

एक्सपोजरमध्ये, विशेषतः मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत, प्रसंग डोळे मिटून, आत्ताच घडतोय असा, पुन्हापुन्हा मोठ्याने सांगायचा. साधारण ८ ते १५ सत्रं, बहुधा ९० मिनिटांची. सत्राचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं आणि टाळलेल्या जागी थोडंथोडं करून जायचं.

माझ्या मते निवड या गृहपाठावर ठरते. सिडकोतल्या दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतील तर ते रेकॉर्डिंग ऐकत रडायचं कुठे? सासू दाराशी असताना? ईएमडीआरमध्ये गृहपाठ जवळजवळ नसतो आणि प्रसंगाचा तपशील बोलून दाखवावा लागत नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या आणि तो शब्दांत मांडता न येणाऱ्या बाईला मी आधी ईएमडीआरच सुचवेन. पण अंबडच्या कंपनीत रोज जायचंय आणि बाईकवर बसवतच नाही, अशी तुमची अडचण असेल, तर एक्सपोजर घ्या. तिथे टाळाटाळ हाच मुख्य आजार आहे आणि ही पद्धत नेमकी त्यालाच भिडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रौढांच्या पीटीएसडीसाठी ईएमडीआर आणि आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) या दोन्हींची शिफारस केली. एक्सपोजर या सीबीटीच्याच घरातली. डोळ्यांच्या हालचालींचा वाटा किती, यावर मात्र तज्ज्ञांत वाद आहे. काहींच्या मते आठवणीला सामोरं जाण्यानेच गुण येतो. काही म्हणतात, नजर फिरवण्यात मन गुंतल्यामुळे आठवणीची धार बोथट होते. तुम्हाला या वादाचा एकच उपयोग: दिवे फिरणाऱ्या यंत्राचे जादा पैसे मोजू नका, दोन बोटं पुरतात.

फोनवर विचारा: आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का? ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं, कुणाच्या देखरेखीखाली? उत्तर द्यायला कुणी कुरकुरलं तर दुसरा नंबर लावा. फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथून पुढची दिशा मिळते. घरात मारहाण अजून चालू असेल तर आधी सुरक्षित जागा, मग आठवणींचं काम. फिट येत असतील किंवा मध्येच भान हरपत असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

दोन्ही उपचारांत सुरुवातीला स्वप्नं आणि आठवणी काही दिवस जास्त उसळू शकतात. म्हणून पहिल्या काही सत्रांना कुणाला तरी सोबत न्या आणि परतताना गाडी त्यांनाच चालवू द्या.