जुना रुपया कुठून घ्यायचा: मोबाईलवरची बोली, ऑक्शन हाऊस की शहापूरचा सराफ?

आमचा निपाणीचा भाचा महिनाभर मागे लागलाय, मामा, बोलीत १९३९ चा रुपया आलाय, घेऊ का? आणि मी दरवेळी सांगतो, बाबा रे थांब की जरा, कारण त्याच रुपयाने मला एकदा तोंडावर आपटवलंय. बेळगाव, खानापूर, चिकोडीकडची बरीच पोरं हल्ली या नादाला लागलीयत म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

आधी माझी फजिती. एका ग्रुपवर रात्री दहाला बोली लागायची, त्यात जॉर्ज सहावा, १९३९, "लाइफटाइम गॅरंटी", मी साडेसहा हजाराला जिंकलो आणि रात्रभर झोप नाही आनंदाने. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, १९३९ चा रुपया हा ९१.७ टक्के चांदीचा शेवटचा, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि ३९ चे बहुतेक वितळवले गेले म्हणून तो मिळत नाही, पण १९३८ चा मात्र भरपूर मिळतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. पार्सल आलं, काट्यावर ठेवलं, ११.६ ग्रॅम, बरोबर. फरशीवर टाकलं, खणखणीत. बेळगावच्या शहापुरात सराफ गल्लीत ओळखीच्या सराफाकडे नेलं, त्यांनी कसोटीवर घासलं, मान हलवली, मग डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "बेळ्ळी खरे ऐत्री, इसवी खोट्टी." चांदी खरी, साल खोटं. मी बघितलं तर ९ च्या खालच्या पोटाशी, डावीकडं, खरवडल्यासारखं आणि तेवढ्याच जागेची चमक वेगळी, म्हणजे कुणीतरी बसून ८ चा ९ केलेला. विकणाऱ्याला फोटो पाठवले, दोन निळ्या टिका आल्या, आणि मग डीपी गायब.

तर मुद्दा असा की बनावट नाणं एकाच जातीचं नसतं, आणि कुठून घ्यायचं ते त्यावरच ठरतं. धातूच खोटा असेल तर काटा सांगतो, साल खोदलेलं असेल तर फक्त भिंग सांगतं, आणि मोबाईलच्या फोटोत दोन्ही दिसत नाही.

धातूचं सोपं आहे. राणीछाप काय, राजाछाप काय, जुना चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, झिजला तर थोडा कमी, जास्त सहसा नाही. शून्य पॉइंट शून्य एक दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करायचा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं पण तळाला किंवा काठाला लागू द्यायचं नाही, हातात धरून लोंबकळत ठेवायचं, आणि आकडा बघायचा. पूर्ण वजनाचा, १९३९ पर्यंतचा खरा रुपया असेल तर १.१३ च्या आसपास येतो, जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे चांदीच नसलेल्या मिश्रधातूचा असेल तर १.३ च्या वर जातो. झिजलेलं असेल तर कोरड्या वजनाला या आकड्याने भागा, साधारण १०.३ यायला पाहिजे. माझ्या बायकोने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, चहाचा ग्लास होता ना तो? होता. लोहचुंबकाचंही बघा, चांदीला चिकटलं तर नाणं परत, पण १९४७ चा रुपया निकेलचा आहे, तो खराच असून चिकटतो, त्यावरून कुणाशी भांडू नका.

आता ठिकाणं. मोबाईलवरची खुली बोली, साइट असो की ग्रुप, तिचा फायदा एकच, माल भरपूर आणि घरबसल्या. तोटे मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. फोटो दुसऱ्याच नाण्याचा असतो, कडेचा फोटो नसतो, भाव चढवायला विकणाऱ्याचेच दोघं बोली लावतात, आणि पैसे यूपीआयने गेले की गेले. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणून निर्धास्त होऊ नका, बहुतेक वेळा पैसे आधी आणि पाकीट नंतर. इथंच ईस्ट इंडिया कंपनीची रामदरबार, हनुमान छापलेली १८१८ ची "हाफ आना" नाणी फिरतात, कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत, साऱ्या हिंदुस्थानासाठी एकसारखा रुपया सुरू झाला तोच १८३५ ला. आणि तांदळाचे दाणे ओढून घेणारं चमत्कारी नाणं म्हणून कुणी लाखो रुपये सांगत असेल तर फोन ठेवून द्या, त्यापायी शेतं विकलेली माणसं आहेत.

पण एक गोष्ट ऑनलाइनच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. आपल्याकडच्या पोरांना गावचं नाणं हवं असतं, म्हणजे आझमनगर टांकसाळीचा रुपया, आझमनगर म्हणजे आपलं बेळगावच. मराठ्यांच्या काळातसुद्धा रुपये मुघल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरात पडायचे, आणि ते हातोड्याने पाडलेले, ठसा मोठा आणि चकती छोटी, त्यामुळं प्रत्येक नाण्यावर अक्षरं वेगळ्या ठिकाणी कापलेली. दोन नाणी तंतोतंत सारखी, तीच चीर, तोच खड्डा, असं होऊच शकत नाही. झालं तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली समजा. आता हे सराफाच्या दुकानात कसं कळणार, तिथं एकच नाणं समोर असतं. ऑनलाइन मात्र आधी विकलेल्या नाण्यांचे फोटो राहतात, तासभर खाली खाली जात बसलात तर जुळं भाऊ सापडतो. मी असे दोन पकडलेत.

सराफाकडं नाणं हातात येतं, वाजवता येतं, भिंग लावता येतं, आणि खोटं निघालं तर दुकान तिथंच असतं, कुठं जातंय. साधा राणीछाप तिथं चांदीच्या भावापेक्षा थोडा वर मिळतो. पण सराफ सगळं खरंच देईल असंही नाही, तो चांदी बघतो, इतिहास नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवीन पाडलेले राणीछाप मिळतात, ते वर्षभराने जुन्यांच्या डब्यात मिसळले की त्याच्याही लक्षात येत नाही. शिवाय माळेतून काढलेल्या रुपयावर कडीच्या टाक्याचा डाग असतो आणि तो झाकायला पॉलिश मारलेलं असतं. असलं नाणं खरं असून संग्रहाच्या कामाचं नाही.

तिसरं, नावाजलेलं ऑक्शन हाऊस, जे कॅटलॉग काढतं आणि ऑनलाइन बोली घेतं. महाग पडतं, हॅमर प्राइसवर, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर, त्यांचा प्रीमियम, त्यावर जीएसटी, मग पोस्टेज, त्यामुळं दहा हजाराला जिंकलं म्हणून दहा हजारच काढून ठेवले तर फसाल. पण खोटं निघालं तर परत घ्यायची अट बहुतेक लेखी असते, ती बोलीच्या आधी वाचा, आणि लिलावाआधी नाणी बघायचा दिवस ठेवतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी बेंगळुरू, पन्नास हजाराच्या नाण्यासाठी तेवढं तिकीट काढायला काय हरकत आहे? प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं, पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून डबीबंद करणाऱ्या कंपन्यांचं नाणं असेल तर चांगलंच, पण डब्यासुद्धा बनावट येतात, डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाका आणि तिथं फोटो असेल तर खरचटे जुळवा, नुसता नंबर बरोबर येऊन भागत नाही.

माझ्यापुरतं ठरलंय ते असं. पाच हजाराच्या आतलं, साधं, चांदीचं, ते सराफ गल्ली. आझमनगर, तांब्याची जुनी शिवराई असलं काही, तर फोटो ऑनलाइन अभ्यासायचे आणि घ्यायचं ओळखीच्या डीलरकडून, हातात धरून. १९३९ किंवा १९११ चा रुपया, तो फक्त ऑक्शन हाऊस. १९११ ला एक सोय आहे, त्या वर्षीच्या राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ ला तो सुधारला, तेव्हा साल १९११ आणि हत्ती नीट सोंडेचा असेल तर कुणीतरी २ चा १ केलाय. सोन्याचा शिवकालीन होन मात्र कुठंच घेऊ नका, राज्याभिषेकाची आठवण म्हणून विकलेल्या पितळेच्या नकला वर सोन्याचं पाणी देऊन फिरतायत. आणि "पाया खणताना हंडा सापडला" म्हणणाऱ्याला एवढंच सांगा की १८७८ च्या कायद्याने आधी कलेक्टरला कळवावं लागतं, बघा कसा पळतो.

जुन्या नाण्याला लाखो देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणारे वेगळेच, बँकेने २०२१ ला जाहीर सांगितलंय की आमचा याच्याशी संबंध नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

भाच्याच्या त्या बोलीचं सांगायचं राहिलं. त्याला म्हटलं, कडेचा आणि सालाचा जवळून फोटो माग. विकणाऱ्याने लिहिलं, "सर गॅरंटी आहे, एज कशाला पाहिजे?" त्याने परत मागितला. मग बोली संपायला चार तास असताना ग्रुपमधून भाच्यालाच काढून टाकलं.