दारावर येणाऱ्या ‘हापूस कलमां’पासून सावध राहा

पाऊस तोंडावर आला आहे. रोपांचे टेम्पो आता गल्लोगल्ली फिरायला लागतील, म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. ज्यांच्या घरापुढे चार हात माती आहे, ज्यांनी गच्चीवर ड्रम भरून ठेवलेत आणि ज्यांच्या घरी दुपारच्या वेळी वडीलधारी माणसं एकटी असतात, त्यांनी हे जरूर वाचावं.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो. घरापुढे छोटं अंगण आहे आणि त्याची सगळी देखभाल बाबा करतात. ते एसटीतून निवृत्त झाले. आमचं गाव सोलापूरकडचं, त्यामुळे लहानपणी त्यांनी आंबा खाल्ला तो गावरान, चोखून खायचा. नोकरीत कोकणच्या गाडीवर ड्युटी लागली की मे महिन्यात येताना हापूसची पेटी आणायचे. आपल्या दारात एक हापूस असावा, ही त्यांची तेव्हापासूनची इच्छा.

टेम्पोवाल्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला सांगायची गरजही नव्हती. जून महिना, गच्च भरलेला टेम्पो, भोंग्यावर ‘हापूस, केसर, बारमाही आंबा, लाल फणस, निळा गुलाब’ असा पुकारा आणि हातात प्लास्टिकच्या कव्हरमधल्या फोटोंचा अल्बम. रोपाएवढ्या झाडाला लगडलेले आंबे, त्याच्याशेजारी उभा असलेला कुणीतरी शेतकरी. बाबांना म्हणाला, “काका, दापोलीच्या विद्यापीठाचं कलम आहे. तिसऱ्या वर्षी मोहर नाही धरला तर पैसे परत. मी काय पळून चाललो का, दर महिन्याला येतो की इकडे.” आणि मग खोडावर गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी दाखवून, “हा बघा जोड.”

त्या पट्टीबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे. आंबा कोयीपासून लावायचा नाही, कलम लावायचं, एवढं आता घरोघरी माहीत आहे. कलमाला पट्टी बांधलेली असते, हेही माहीत असतं. बाबांनाही होतं. फसवणाऱ्याने नेमकी तीच माहिती हाताशी धरली. ज्याला काहीच माहीत नाही त्याला पट्टी दाखवून उपयोग नव्हता. ज्याने चौकशी करून ठेवली आहे, त्याच्यासाठीच ती बांधलेली होती.

एका रोपाचे सातशे रुपये. बाबांनी दोन घेतली, शेजारच्या काकूंनी एक आंबा आणि एक निळा गुलाब घेतला. पावती मागितली तर पुस्तक संपलंय म्हणाला, वहीच्या कागदावर फोन नंबर लिहून दिला.

गुलाबाचा निकाल लगेच लागला. आठवड्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. काकूंनी कुंडी हलवायला म्हणून रोप जरा धरलं, तर ते सरळ हातात आलं. खाली एकही मूळ नव्हतं. कात्रीने तिरपी कापलेली फांदी, तिचं टोक काळं पडलेलं आणि भोवती लाल मातीचा दाबून दाबून केलेला गोळा. फुलाची पाकळी ओल्या बोटाने चोळली तर बोटाला निळा रंग लागला. पांढऱ्या गुलाबावर रंग मारला होता.

निळ्या गुलाबाचं हे एकदा स्पष्टच सांगते, कारण ऑनलाइनही त्याची बी धडाधड विकली जाते. गुलाबाच्या झाडात निळा रंग तयार करणारं द्रव्यच नसतं. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घालून २००४ साली तसा गुलाब तयार झाल्याचं जाहीर केलं, २००९ पासून तो जपानमध्ये विकायला आला, आणि तोही निळा नाही, फिकट जांभळा आहे. तोसुद्धा फुलं म्हणून विकला गेला, बियांची पाकिटं म्हणून नाही. माझ्या मावशीने असं एक पाकीट मागवलं होतं. आलेली बी मोहरीसारखी बारीक, काळी आणि गोल. पेरल्यावर आठवड्याच्या आत उगवलीसुद्धा. गुलाबाची बी कठीण, ओबडधोबड, फिकट तपकिरी असते आणि थंडीत ठेवून ती उगवायला आठवडे नाही, महिने जातात. शिवाय बीपासून आलेला गुलाब आईसारखा निघेलच असं नसतं, म्हणून तर गुलाबाचेही डोळे भरतात, म्हणजे हव्या जातीच्या फांदीवरचा डोळा दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवतात. म्हणजे पाकिटावर ज्या रंगाचा फोटो आहे त्या रंगाचा गुलाब बियांतून मिळण्याची हमी लाल किंवा पिवळ्या रंगाचीही कुणी देऊ शकत नाही.

काकूंनी टेम्पोवाल्याला फोन लावला. नंबर बंद. दर महिन्याला येणारा माणूस पुन्हा कधी दिसला नाही.

आंब्याची दोन्ही रोपं मात्र छान जगली, आणि खरी वाईट गोष्ट हीच. गुलाब मेला, विषय संपला. आंबा जगला म्हणून आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत राहिलो. बाबांनी त्याला शेणखत, निंबोळी पेंड घातली, उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळा पसरला, खोडाला चुना-मोरचूदाचा लेप दिला. झाड विजेच्या खांबासारखं सरळ वर गेलं, गॅलरी ओलांडून पुढे. मोहर नाही. तीन वर्षं झाली, चार झाली. दर जानेवारीत बाबा चष्मा पुसून शेंडे न्याहाळायचे आणि आईला सांगायचे, “अजून लहान आहे ते.”

मग ओळखीतल्या एकांच्या शेतावर कलमं बांधायला वेंगुर्ल्याकडचे एक अनुभवी गृहस्थ आले होते, त्यांना आम्ही घरी बोलावलं. त्यांनी झाडाच्या वर पाहिलंच नाही. खाली बसले, खोडावरून जमिनीपासून गुडघ्यापर्यंत अंगठा फिरवला आणि म्हणाले, “काकानू, ह्येका जोडच नाय. कोयीचां झाड आसा ह्यां.”

काकूंचं रोप ड्रममध्ये होतं, खुरटलेलं, आणि त्याची पट्टी कुणी सोडलीच नव्हती. ती सालीत रुतली होती. त्या गृहस्थांनी ती ब्लेडने हलकेच कापून सोडवली आणि आम्हाला जवळ बोलावून दाखवलं. आत सालीवर चाकूने मारलेली एक तिरपी रेघ होती, भरून आलेली. बाकी काही नाही. रेघेच्या खाली जे खोड तेच वर. एकच साल, एकच रंग, गाठ नाही, फुगवटा नाही. बाजारातल्या कोयींपासून उगवलेलं रोप, त्याला एक चीर आणि वर पट्टी. बाबा काही न बोलता आत गेले. सातशे रुपयांचं मला काही वाटलं नाही. त्या माणसाने बाबांची वर्षं नेली, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती पुन्हा कुठून आणून देणार?

खरं कलम कसं ओळखायचं, हे त्या गृहस्थांनी त्या दिवशी शिकवलं ते सांगते. कलम म्हणजे दोन झाडं. खाली रायवळ, म्हणजे गावरान, कोयीचं रोप, त्याला खुंट म्हणतात, आणि वर हव्या त्या जातीच्या झाडाची काडी. कोय कलमात अगदी कोवळ्या रोपावर, जमिनीपासून वीतभराच्या आतच जोड असतो. मृदकाष्ठ कलमात, म्हणजे थोड्या मोठ्या रोपाच्या कोवळ्या फुटीवर बांधलेल्या कलमात, तो थोडा वर असतो. पाचर मारून जोडल्यामुळे तिथे इंग्रजी ‘व्ही’सारखी खूण दिसते, हाताला गाठ लागते आणि पुष्कळदा जोडाच्या वरची आणि खालची साल रंगाने, पोताने थोडी वेगळी दिसते. म्हणून विकणाऱ्याला सांगायचं, पट्टी सोडून दाखव. विकायला आलेल्या कलमाचा जोड एव्हाना पक्का झालेला असायला हवा, पट्टी सोडल्याने त्याला काही होत नाही. जो ‘हवा लागेल, मरेल’ म्हणून नकार देतो, त्याच्याकडून घेऊ नका. पिशवीच्या तळाशी किंवा कडेने पांढरी मुळं दिसतात का पाहा. रोप खोडाशी धरून अगदी अलगद उचला. माती त्याच्याबरोबर उचलली गेली पाहिजे. आणि मोठ्या फळांनी लगडलेलं लहानसं रोप दिसलं तर देठापाशी नीट बघा, तार किंवा फेव्हिक्विक आहे का.

कलमाला साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळं धरू देतात. कोयीच्या झाडाला आठ-दहा वर्षंही लागतात, आणि फळ कसलं येईल ते सांगता येत नाही. हापूसची कोय लावली तरी हापूस येत नाही. म्हणजे फसवणूक उघडकीला येईपर्यंत विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. हा धंदा त्या काळाच्या जोरावरच चालतो.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे. परवाना लागतो, खुंट कुठला आणि कलमकाडी कुठल्या झाडाची याची नोंद ठेवावी लागते. आपल्याला त्यातलं फार काही करायचं नाही, फक्त परवाना क्रमांक आणि पत्ता असलेली छापील पावती मागायची. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, राहुरीचं कृषी विद्यापीठ, शासनाच्या तालुक्यातल्या रोपवाटिका, इथे कलमं मिळतात आणि टेम्पोवाल्याने घेतले त्याहून बऱ्याच कमी पैशांत मिळतात. पावसाच्या सुरुवातीला गर्दी असते, म्हणून आधी फोन करून नोंद करावी लागते. ऑनलाइन बियांत फसला असाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि पैसे खात्यातून गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच, उशीर न करता. आमच्याकडे ना पावती होती ना गाडीचा नंबर, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही.

आता ज्यांच्या दारात असं झाड उभं आहे त्यांच्यासाठी, कारण ते पुष्कळांकडे असणार: झाड तोडू नका. त्याचाच खुंट करता येतो. वेंगुर्ल्याच्या त्या गृहस्थांनी फेब्रुवारीअखेर आमचं एक झाड कमरेइतक्या उंचीवर छाटलं आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे तोच चुना-मोरचूदाचा लेप, लावली. आता भोवताली नवे धुमारे फुटलेत. त्यातले चांगले चार ठेवून बाकीचे काढले आहेत आणि पावसात, धुमारे तांबूस कोवळे असताना, त्यांच्यावर कलम बांधायचं आहे. मुळं जुनी आणि दमदार असल्याने नव्या रोपापेक्षा फळ लवकर धरतं, असं ते म्हणाले. बाबांचा हट्ट हापूसचाच होता. पण घाटावर, समुद्रापासून लांब, हापूस मनासारखा धरत नाही, तिथे केसर बरा, हे त्यांनी बाबांना बराच वेळ बसून समजावलं. शेवटी तीन धुमाऱ्यांवर केसर आणि बाबांच्या शब्दाखातर एकावर ‘रत्ना’ असं ठरलं. रत्ना ही वेंगुर्ल्यातच नीलम आणि हापूसच्या संकरातून तयार झालेली जात, आणि तिच्यात हापूससारखा साका, म्हणजे गरातला पांढरट, भुसभुशीत, बेचव भाग, होत नाही. काड्यांची नोंद परवाना असलेल्या रोपवाटिकेत केली आहे. पावती बाबांनी स्वतः जाऊन आणली.