सोनामुखी की बिसाकोडिल?

इसबगोल, पपई, भरपूर पाणी हे सगळं करून झालंय आणि तरी पोट साफ होत नाहीये असं धरूनच लिहितोय.

सोनामुखी ही वनस्पती, बिसाकोडिल हे कारखान्यात बनवलेलं औषध, दोन्ही पोट साफ करायच्या गोळ्या म्हणून मिळतात. दोन्हींचं काम तसं एकच, मोठ्या आतड्याच्या नसांना डिवचायचं, मग ते जोरात आकुंचन पावून मळ पुढे ढकलतं आणि पाणीही कमी शोषलं जातं. रात्री गोळी घेतली की 6 ते 12 तासांत काम होतं. मुरडा दोन्हींनी येतो, मला बिसाकोडिलने जरा जास्त आला, पण ते माझं पोट असेल, तुमचं वेगळं वागू शकतं.

माझ्यासाठी निकाल लावला तो दुधाने. बिसाकोडिलच्या गोळीवर आवरण असतं, ते जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. पोटात दूध किंवा अँटासिड असलं की आम्ल कमी होतं, आवरण आधीच सुटतं आणि मग मळमळ, पेटके. म्हणून तासभर तरी अंतर ठेवायचं, गोळी चावायची नाही, फोडायची नाही. ऐकायला सोपंय हो, पण मला ॲसिडिटी, जेवलं की ते गुलाबी अँटासिड जेल लागतं, वर झोपताना हळदीचं दूध, आता या दोघांमधली फट शोधत घड्याळाकडे बघत जागं राहायचं म्हणजे झोपेचं खोबरं.

सोनामुखीला ही कटकट नाही. त्यातलं सेनोसाइड जठर, लहान आतडं ओलांडून तसंच पुढे जातं, मोठ्या आतड्यातले जंतू त्याचं रूपांतर करतात तेव्हा कुठे ते कामाला लागतं. लघवी पिवळसर-तांबूस झाली तर दचकू नका. फक्त गोळीच घ्या, चूर्ण नको. बाजारातल्या बऱ्याच पोटसाफ चूर्णांत सोनामुखीच असते आणि कोणाचा चमचा केवढा हे देवालाच ठाऊक.

घाई असेल तर मात्र बिसाकोडिलची सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची गोळी), तासाभरात मोकळं, तिथे सोनामुखी मागेच पडते. कोलोनोस्कोपीआधी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) किंवा मॉर्फिनसारख्या औषधांवर असलेल्यांना डॉक्टर सांगतील तेच.

आणि दोन्ही तात्पुरत्याच, आठवड्याच्या वर लागायला लागल्या तर डॉक्टर गाठा. पोटात जोराची कळ, उलट्या, गॅससुद्धा सरत नाही, असं असेल तर यातलं काहीच घेऊ नका, सरळ दवाखान्यात जा.