महिला वॉटर पोलोचा चार नंबरचा बॉल: मिकासा डब्ल्यू६००९डब्ल्यू

वॉटर पोलो म्हणजे पाण्यात पोहत, हाताने बॉल फेकून गोल करायचा खेळ. त्यात राष्ट्रीय संघांच्या महिला स्पर्धांत चार नंबरचा बॉल असतो. तरीही कित्येक क्लबांत पुरुष आणि महिला संघांच्या सरावाला एकाच जाळीतले पाच नंबरचे बॉल निघतात. ही काटकसर चुकीची आहे. पाच नंबरच्या बॉलचा घेर ६८ ते ७१ सेंटीमीटर, चार नंबरचा ६५ ते ६७. वजनाची मर्यादा मात्र दोघांना एकच, ४०० ते ४५० ग्रॅम. म्हणजे महिलांचा बॉल लहान आहे, हलका नाही. व्यासातला फरक जेमतेम एक सेंटीमीटर भरतो, पण या खेळात गोलकीपर सोडून कोणालाही दोन्ही हातांनी बॉल धरता येत नाही, त्यामुळे त्या एका सेंटीमीटरवर बरंच काही अवलंबून असतं. पाण्यातून बॉल एका हाताने उचलायचा, हात उंच ठेवून दोन-तीनदा फेकण्याचा नुसता आव आणायचा, बचाव करणारी खांद्याला भिडलेली असताना बोटांची पकड सुटू द्यायची नाही. कायम पाच नंबरवर हात बसलेल्या खेळाडूचा नेम स्पर्धेतला पहिला क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) तरी चुकत राहतो.

मिकासाचा डब्ल्यू६००९डब्ल्यू याच मापाचा, पिवळा, वरून बारीक दाणेदार रबर असलेला बॉल. लंडन २०१२ आणि रिओ २०१६ ऑलिंपिकमध्ये याच कंपनीचे बॉल होते. आत ब्यूटाइल रबरचं ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, त्यावर गुंडाळलेला नायलॉनचा धागा आणि बाहेर रबराचं कव्हर, अशी याची रचना. ब्यूटाइल हवा चांगली धरून ठेवतं, त्यामुळे रोज पंप काढावा लागत नाही. गोलाई टिकते ती नायलॉनमुळे. कव्हर बॉलला पकड देतं, आणि सगळ्यात आधी झिजतंही तेच.

नवा बॉल थेट पूलमध्ये टाकू नका. नव्या रबरावर एक गुळगुळीत थर असतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापडाने तो दोनदा धुऊन काढला की पकड लगेच सुधारते. घासणी किंवा तारेचा ब्रश लावलात तर दाणेच उडतील. पुढेही बॉल ‘गुळगुळीत झाला’ अशी तक्रार येते, तेव्हा निम्म्या वेळा रबर झिजलेलं नसतं, त्यावर सनस्क्रीन आणि अंगाचं तेल बसलेलं असतं. सरावानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवण्याची शिस्त लावली की क्लोरीनही रबरावर साचून राहत नाही. पकड वाढवायला चिकट काही लावणं हा मात्र उपाय नव्हे. बॉलवर ग्रीस किंवा तसला कोणताही लेप नियमांत चालत नाही. दाणे खरोखरच सपाट झाले असतील, तर तो बॉल पायांच्या व्यायामासाठी ठेवा आणि शूटिंगला नवा काढा.

हवेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. महिलांच्या बॉलचा दाब पुरुषांच्या बॉलपेक्षा साधारण एक पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं एकक) कमी ठेवायचा असतो. दोन्ही प्रकारचे बॉल एकाच पंपाने, एकाच आकड्यावर भरणाऱ्या क्लबांत चार नंबरचा बॉल कायम टणक राहतो, आणि मग ‘हा बॉल हातातून उडतो’ असं म्हटलं जातं. वॉल्व्हजवळ छापलेली मर्यादा वाचा आणि गेज (दाब दाखवणारा काटा) असलेलाच पंप घ्या. अंगठ्याने दाबून लावलेला अंदाज इथे उपयोगाचा नाही.

तपमानाचाही विचार करावा लागतो. नियमांप्रमाणे पूलचं पाणी साधारण २६ अंशांचं असतं. ३५ अंशांच्या खोलीत भरलेला बॉल त्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि अर्धा ते पाऊण पीएसआय दाब उतरतो. मर्यादाच मुळात एक पीएसआयच्या टप्प्यातली असल्यामुळे काठावर बरोबर भरलेला बॉल सामन्यात ढिला पडू शकतो. म्हणून बॉल आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात तरंगू द्या, मग दाब मोजा आणि कमी असेल तेवढी हवा भरा. मोजताना सुई घालून काढली की थोडी हवा जातेच, तेव्हा वरच्या मर्यादेकडे झुकतं माप ठेवलेलं बरं.

सुई कोरडी घालू नये. कोरड्या सुईने वॉल्व्हचे ओठ फाटतात किंवा वॉल्व्हच आत ढकलला जातो, आणि हे नुकसान सहसा दुरुस्त होत नाही. सुईला पाणी किंवा ग्लिसरीनचा थेंब लावून ती सरळ, हलक्या हाताने आत सरकवा. व्हॅसलिन वापरू नका, पेट्रोलियमने ब्यूटाइल फुगतं आणि वॉल्व्ह गळायला लागतो. गळतीची शंका आली तर वॉल्व्ह पाण्याखाली धरून बुडबुडे पाहा. तिथे काही दिसलं नाही, तर पूर्ण बॉल फिरवून कव्हर तपासा.

दाब चुकला की सगळ्यात आधी स्किप शॉट बिघडतो. पाण्यावर टप्पा घेऊन गोलकीपरच्या हाताखालून किंवा वरून निघणारा हा फटका ढिल्या बॉलने मारला तर पाण्याला चिकटतो आणि वेग हरवतो. टणक बॉल टप्प्यावर जरुरीपेक्षा वर उसळतो, आणि पाण्यापासून गोलचा आडवा खांब फक्त ९० सेंटीमीटरवर असतो. लॉबमध्ये (गोलकीपरच्या डोक्यावरून उंच टाकलेल्या फटक्यात) आणि सेंटरसमोर (गोलपुढे उभ्या आक्रमक खेळाडूसमोर) पाण्यावर टाकायच्या पासमध्ये हा फरक कमी जाणवतो. थेट हातात येणाऱ्या वेगवान पासला मात्र टणक बॉल तळव्यावरून उसळतो, आणि एक्स्ट्रा प्लेयरच्या हल्ल्यात (समोरची एक खेळाडू फाउलमुळे थोडा वेळ बाहेर असताना) तेवढ्यानेच संधी जाते. महिलांच्या मोठ्या फायनल अनेकदा एका गोलाने सुटल्या आहेत. सिडनी २००० मध्ये महिला वॉटर पोलो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा इव्हेट हिगिन्सच्या अगदी शेवटच्या क्षणीच्या गोलावर ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला ४-३ असं हरवलं. बीजिंग २००८ मध्ये नेदरलँड्सने अमेरिकेवर ९-८ अशी मात केली, त्या नऊपैकी सात गोल डॅनिएल डी ब्रुइनचे होते.

गोलाई महिन्यातून एकदा तपासा. शिंप्याची टेप दोन काटकोनी दिशांनी गुंडाळा, एका सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आतला नायलॉन कुठेतरी तुटला आहे. असा बॉल अंड्यासारखा डुलत जातो आणि गोलकीपरच्या सरावाला तर अजिबात घेऊ नये. हे बहुतेक वेळा पाण्याबाहेरच्या वापराने होतं: काठावर लाथ मारणं, भिंतीवर आपटणं, बॉलवर बसणं. वाळलेला बॉल काट्यावर ठेवून पाहा. ४५० ग्रॅमच्या वर गेला तर आत पाणी शिरलं आहे.

आमच्या मते राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरच्या महिला संघाने हाच दर्जा घ्यावा, आणि दोन खेळाडूंमागे निदान एक बॉल ठेवावा. लहान मुलींच्या हाताला मात्र चार नंबरही मोठा पडतो, त्यांच्यासाठी तीन नंबर आहे.

बॉलची कंपनी स्पर्धेगणिक बदलू शकते, हेही ध्यानात घ्या. महिलांची वर्ल्ड लीग २००४ ते २०२२ चालली, अठरापैकी चौदा वेळा अमेरिकेने जिंकली, आणि २०२३ पासून तिची जागा नव्या स्वरूपातल्या वर्ल्ड कपने घेतली. स्पर्धा बदलतात तसे बॉलचे करारही बदलतात, आणि माप तेच असलं तरी प्रत्येक कंपनीच्या रबराचे दाणे हाताला वेगळे लागतात. संघ स्पर्धेला निघणार असेल तर आयोजकांच्या परिपत्रकात बॉलचं नाव आधी पाहा, ते वेगळं असेल तर त्या कंपनीचे चार-पाच बॉल मागवून शेवटचे दोन-तीन आठवडे शूटिंग आणि एक्स्ट्रा प्लेयरचा सराव त्यांच्यावरच करा.